शाळेच्या वेळीच पोट का दुखते?

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात एक ठराविक तक्रार वाढू लागते. मूल साधारण सहा ते चौदा वर्षांचे असते. सकाळी उठल्यावर त्याचे बेंबीभोवती दुखते, मळमळते, कधी उलटीही होते. शाळेची वेळ टळून गेली की दुखणे हळूहळू ओसरते आणि दुपारी तेच मूल गल्लीत खेळताना दिसते. रविवारी दुखत नाही. दिवाळीच्या सुट्टीत तर पोटाचे नावही निघत नाही. सोमवारी सकाळी पुन्हा तोच प्रकार.

यावर घरात दोन निदाने तयार असतात. आजी म्हणते, पोराला नजर लागली. वडील म्हणतात, शाळा बुडवायची नाटके आहेत, दोन ठेवून दिल्या की बरे वाटेल. मीठ-मिरच्या ओवाळून होतात, दोन धपाटेही देऊन होतात, पण पोट दुखायचे थांबत नाही. मग आई मुलाला घेऊन येते आणि म्हणते, "डॉक्टर, एखादे इंजेक्शन द्या आणि ताकदीची बाटली लिहून द्या."

या पोटदुखीवर इंजेक्शन नाही आणि ताकदीची बाटलीही नाही. तरीही तिला उपचार आहे, आणि त्यातला मोठा भाग पालकांच्या व शिक्षकांच्या हातात आहे. आजच्या लेखात त्याचाच विचार करू.

दुखणे खोटे नसते

पहिली गोष्ट पालकांनी पक्की लक्षात ठेवावी. यातील बहुतेक मुले नाटक करत नसतात, त्यांचे पोट खरोखरच दुखत असते.

आपल्या आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचे मोठे जाळे असते आणि ते मेंदूशी सतत जोडलेले असते. माणूस घाबरला की मेंदूकडून धोक्याची सूचना निघते आणि रक्तात अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये वाढतात. त्यामुळे छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, जठराचे काम मंदावून मळमळते आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढून पोटात कळ येते किंवा शौचाला लागते. मोठ्या माणसालाही मुलाखतीच्या दिवशी दोन वेळा शौचास जावे लागते, ते यामुळेच. काही मुलांच्या आतड्याचे मज्जातंतू मुळातच जास्त संवेदनशील असतात. इतरांना न जाणवणारी हालचालही त्यांना दुखते.

आपली भाषा ही गोष्ट फार पूर्वीपासून जाणते. भीतीने पोटात गोळा येतो, असे आपण उगाच म्हणत नाही. लहान मुलाला "मला काळजी वाटते" किंवा "मी घाबरलो आहे" असे सांगता येत नाही. त्या भावनेला काय म्हणतात हेच त्याला ठाऊक नसते. पोट कुठे आहे हे मात्र त्याला ठाऊक असते, म्हणून ते पोटावर हात ठेवते.

हा प्रकार दुर्मीळही नाही. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. जॉन अॅपली यांनी १९५८ साली ब्रिस्टल भागातील एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत दर दहा मुलांमागे साधारण एकाला अशी पुन्हा पुन्हा उद्भवणारी पोटदुखी आढळली आणि त्यांपैकी फार थोड्यांमध्ये शरीराचा आजार सापडला.

आधी शरीर तपासा

म्हणून प्रत्येक पोटदुखी मनाची समजून सोडून द्यायची, असे मात्र नाही. आधी डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी. पोट चाचपणे, वजन व उंची पाहणे, लघवी तपासणे आणि गरज वाटल्यास रक्त व शौच तपासणे एवढ्यावर बहुतेक वेळा निर्णय होतो. प्रत्येक मुलाला सोनोग्राफीची गरज नसते.

मुलांच्या पोटदुखीचे एक अगदी साधे शारीरिक कारण म्हणजे बद्धकोष्ठता. तिच्याविषयी कोणी विचारतच नाही. जंतांवर मात्र सगळ्यांचा संशय असतो. जंतनाशक गोळी शाळेत व अंगणवाडीत दिली जाते, ती मुलाने जरूर घ्यावी. पण ती घेऊनही सोमवारचे दुखणे राहिले, तर पुन्हा पुन्हा जंताचेच औषध पाजण्यात अर्थ नाही.

पुढील लक्षणे असतील तर मात्र मनाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावा :

• दुखण्याने मूल रात्री झोपेतून जागे होणे
• वजन घटणे किंवा उंची वाढायची थांबणे
• शौचातून रक्त जाणे, हिरवी किंवा रक्ताची उलटी होणे
• वारंवार ताप येणे, सांधे दुखणे
• लघवीला जळजळ होणे
• बेंबीपासून दूर, एकाच जागी, विशेषतः उजव्या कुशीत खाली दुखणे

यांपैकी काही नसेल, मूल खाते-पिते व वाढते आहे आणि दुखणे शाळेच्या वेळेशी बांधलेले आहे, तर पोट चाचपणे थांबवून मुलाच्या दिवसाकडे पाहावे.

कारण कोठे शोधावे?

माझ्या अनुभवात कारण तीन ठिकाणी सापडते : शाळेच्या आवारात, अभ्यासात किंवा घरात.

शाळेतील कारण कधी कधी इतके साधे असते की कोणाच्या ध्यानात येत नाही. पाचवीतील एका मुलीचे पोट रोज दुखत असे. शाळेतील स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. आत जावे लागू नये म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नसे आणि शौचही दाबून धरी. त्यामुळे बद्धकोष्ठता झाली, लघवीला जळजळ सुरू झाली आणि शाळेचे नाव निघताच रडू येऊ लागले. औषधाने जळजळ थांबली, पण मुलगी खऱ्या अर्थाने बरी झाली ती दाराला कडी बसल्यावर. इतर ठिकाणी वर्गातील टोपणनाव असते, डबा हिसकावणारी मोठी मुले असतात, जातीवरून किंवा रंगावरून मारलेले टोमणे असतात, नाहीतर फळ्यापुढे उभे करून केलेला अपमान असतो.

अभ्यासातील कारणे ओळखायला थोडे बारकाईने पाहावे लागते. मुलाला फळा नीट दिसत नसेल किंवा कान फुटून कमी ऐकू येत असेल, तर त्याला वर्ग म्हणजे रोजची शिक्षा वाटते. म्हणून आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी व अनुदानित शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

काही मुलांची दृष्टी व ऐकणे उत्तम असते, बुद्धीही तल्लख असते, पाढे तोंडी घडाघडा म्हणतात, पण लिहायला बसले की 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळतात. काना, मात्रा, वेलांटी गळते आणि वाचताना मूल ओळ सोडून भलतीकडे जाते. हा आळस नाही आणि 'ढ'पणाही नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. अशा मुलाला छडी मारणे म्हणजे लंगडणाऱ्याला पळत नाही म्हणून मारणे होय.

घरातील कारण मूल सहसा सांगत नाही. आठ वर्षांच्या एका मुलाला शाळेची मुळीच भीती नव्हती. आपण शाळेत गेल्यावर दारू प्यालेले वडील आईला मारतील, ही त्याची भीती होती. पोट दुखले की तो घरी राहत असे आणि आईजवळ बसून असे. त्याच्या मनाने तो आईची राखण करत होता. अशा मुलाला गोळ्या देऊन काय उपयोग? तेथे उपचार वडिलांच्या व्यसनावर करावे लागतात.

आपल्या बीड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी आई-वडील कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले कधी त्यांच्याबरोबर फडात जातात, कधी आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. बरोबर गेलेल्या मुलाचा अभ्यास तुटतो, आणि परत आल्यावर वर्गात आपण मागे पडलो याची त्याला लाज वाटते. मागे राहिलेल्या मुलाला आईची आठवण येते, पण "तुझ्यासाठीच ते राबतात" असे ऐकल्यावर त्याने रडायचे तरी कसे? जाण्यापूर्वी आई-वडिलांनी मुलाला किती महिने जाणार हे खरे सांगावे. ते झोपलेले असताना गुपचूप निघून जाऊ नये. ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी फोन करावा आणि "अभ्यास केला का?" याच्याआधी "जेवलास का?" असे विचारावे.

मुलाशी बोलावे कसे?

"काय झाले? कोणी मारले? खरे सांग!" अशी उलटतपासणी केली की मूल "काही नाही" म्हणते आणि गप्प बसते. मुले समोरासमोर बसवून बोलत नाहीत, शेजारी बसून बोलतात. शेंगा फोडताना, गुरांना वैरण टाकताना, मोटारसायकलवर मागे बसल्यावर त्यांची जीभ मोकळी होते.

प्रश्न लहान व नेमका असावा. "डबा खाताना आज कोणाजवळ बसलास?" "कोणता तास लांबलचक वाटला?" "शाळेतली एक गोष्ट बदलायची असेल, तर कोणती बदलशील?" उत्तर आले की मध्येच उपदेश सुरू करू नये. "त्यात काय घाबरायचे?", "आमच्या वेळी तर वेताच्या छड्या खाल्ल्या" ही वाक्ये ऐकली की मूल पुढे काही सांगत नाही. त्याऐवजी "बरे झाले सांगितलेस, आपण दोघे मिळून बघू" एवढे म्हणावे. मुलाने आपल्यावर विश्वास टाकून सांगितलेली गोष्ट पाहुण्यांसमोर हसण्यावारी नेऊ नये.

एखाद्या मोठ्या माणसाच्या नकोशा स्पर्शाविषयी मूल बोलले, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि "तुझी काही चूक नाही" हे त्याला स्पष्ट सांगावे. अब्रूच्या भीतीने ते दडपू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा समजल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

मग शाळेत पाठवावे की नाही?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. तपासणीत आजार नसेल, तर शाळेत पाठवावे. घरी राहिल्यावर भीती आणि दुखणे दोन्ही त्या दिवसापुरते जातात, पण मनाला एक धडा मिळतो : घरी राहिलो की बरे वाटते. दुसऱ्या दिवशी भीती वाढते. आठवडाभर शाळा बुडाली की अभ्यास राहतो, मित्र विचारतात, आणि तीही एक नवी भीती होते. घरी राहिलेल्या दिवशी टीव्ही, मोबाइल आणि लाडाचा खाऊ मिळत असेल, तर हा धडा आणखी पक्का होतो.

मात्र पाठवायचे म्हणजे फरफटत नेऊन सोडायचे नव्हे. मूल बरेच दिवस घरी असेल, तर वर्गशिक्षकांशी आधी बोलून पायऱ्या ठरवाव्यात. पहिले दोन दिवस मधल्या सुट्टीपर्यंत, मग चार तासांपर्यंत, पुढच्या आठवड्यात पूर्ण वेळ. पोट दुखले तर वर्गात कोणाला सांगायचे आणि पाच मिनिटे कोठे बसायचे, हे मुलाला आधीच माहीत असावे. सकाळी "आज दुखते का?" असे घरातल्या चौघांनी चार वेळा विचारू नये. मूल स्वतः म्हणाले तर "दुखत आहे हे मला कळते, थोड्या वेळात थांबेल, आपण निघू" असे शांतपणे म्हणावे. छळ किंवा मार हे कारण असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा. धोका तसाच ठेवून मुलाला धीर देणे अन्यायाचे आहे.

शिक्षकांना दोन शब्द

चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाकडे लक्ष देणे किती कठीण आहे, याची मला कल्पना आहे. तरीही मुलाचा दिवसाचा मोठा काळ आपल्यासमोर जातो, म्हणून घरच्यांना न दिसणारे आपल्याला दिसते. बोलके मूल अचानक गप्प झाले, डबा तसाच परत जाऊ लागला, अक्षर बिघडले, ठराविक वारी गैरहजेरी पडू लागली, तर त्याला बाजूला घेऊन दोन मिनिटे बोलावे आणि पालकांना बोलवावे. पालकांना बोलावले की फक्त तक्रार ऐकायची, ही पद्धत मोडली पाहिजे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी केली आहे. कायद्याची गोष्ट सोडली तरी मनाचे शास्त्र तेच सांगते. घाबरलेल्या मेंदूत नवे ज्ञान नीट रुजत नाही. गुण मोठ्याने वाचून हसू करणे, 'ढ' म्हणून शेवटच्या बाकावर बसवणे यामुळे अभ्यास वाढत नाही, सोमवारची पोटदुखी मात्र वाढते. एका शिक्षकाने रोज नाव घेऊन केलेली चौकशी मुलाला शाळेशी बांधून ठेवू शकते.

रोजचे औषध

मन घट्ट राहण्यासाठी शरीराचीही बैठक लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास आणि त्यापुढे अठरापर्यंत ८ ते १० तास झोप हवी. रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहणारे मूल सकाळी उठतेच चिडचिडत. मोबाइल झोपण्यापूर्वी तासभर बंद करावा आणि तो नियम आई-वडिलांनीही पाळावा. रोज किमान एक तास घाम येईल असा खेळ हवा. दहावीचे वर्ष म्हणून खेळ बंद करणे ही मोठी चूक आहे. सकाळी पोटभर न्याहारी, घाई न करता शौचास बसण्यासाठी दहा मिनिटे आणि संध्याकाळी एक जेवण तरी सर्वांनी एकत्र, मोबाइल बाजूला ठेवून घ्यावे. शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना त्या ताटावर आणू नये.

येथे मात्र थांबू नका

मोठ्या मुलांत मनाचे दुखणे निराळ्या रूपाने येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास किंवा सतत चिडलेले असेल, मित्र व आवडीचे खेळ सोडले असतील, झोप व भूक बिघडली असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, "मी नसलो तर बरे होईल" असे बोलत असेल किंवा आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर ते वय म्हणून सोडून देऊ नये. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणाला तरी सांगता आले म्हणून मुलाचे ओझे हलके होते. अशा वेळी मुलाला एकटे ठेवू नये. शेतकरी घरांत फवारणीची औषधे गोठ्यात किंवा माळ्यावर उघडी ठेवलेली असतात. ती कायम कुलपात ठेवावीत. निकालाच्या दिवसांत तर ही काळजी घ्यावीच. त्या घडीला हाताशी विष नसणे एवढ्यानेही जीव वाचतो. आणि निकाल हाती येण्यापूर्वीच मुलाला सांगून ठेवावे, "गुण कितीही पडोत, संध्याकाळी घरी ये, आपण एकत्र जेवू."

मदत कोठे मिळेल? आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगावे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचार मिळतात. १४४१६ हा टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. मुलावर अत्याचार होत असेल किंवा ते संकटात असेल, तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करावा. मूल स्वतःही करू शकते. हे दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याने मूल वेडे ठरत नाही. दात दुखला की आपण दातांच्या डॉक्टरांकडे जातोच.

येत्या सोमवारी सकाळी मुलाने पोटावर हात ठेवला, तर रागावण्यापूर्वी एक करा. मागील महिनाभरात कोणकोणत्या दिवशी, किती वाजता दुखले, त्या दिवशी शाळेत काय होते आणि आदल्या रात्री घरात काय घडले, हे कॅलेंडरवर लिहून काढा. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे या. अनेकदा कोणत्याही तपासणीपेक्षा त्या कागदावरूनच दुखण्याचे मूळ लवकर सापडते.